पॉइंट टू-टू टार्गेट पिस्तुलासाठी भरवशाची गोळी कोणती?

प्रश्न थोडक्यात असा आहे: साताऱ्यात राहतो, २५ मीटर पिस्तूल सुरू करून सहा महिने झाले, लायसन्सवर एक सेकंडहँड पॉइंट टू-टू (.२२ इंच नळीचं) सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल घेतलंय. दर वीस-पंचवीस गोळ्यांमागे एकतरी अडकते, नाहीतर फुटतच नाही. कुठल्या कंपनीची गोळी घेऊ?

मी सांगलीचा. अकरा वर्षं हा खेळ खेळतोय, सांगावं असं मेडल एकही नाही. पण सगळी नोकरी कुपवाड एमआयडीसीत क्वालिटीच्या टेबलावर गेली, त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की शंभरात रिजेक्ट किती, हे आधी डोक्यात येतं. तुमच्या प्रश्नाकडेही तसंच बघतो.

कंपनीची नावं खाली दिलीत. पण आधी तुमचं पिस्तूल तपासून घ्या. सेकंडहँड म्हणालात, म्हणून माझीच फजिती सांगतो.

माझंही पहिलं पिस्तूल सेकंडहँड होतं. आठ महिने पुंगळ्या, म्हणजे उडालेल्या गोळीची रिकामी आवरणं, अडकायच्या आणि आठ महिने मी गोळ्यांना शिव्या दिल्या. तीन ब्रँड बदलले. शेवटी एका रविवारी रेंजवरच्या चाळीसेक पुंगळ्या पिशवीत घालून माझ्या वर्गमित्राच्या दुकानात गेलो. तो सराफ आहे. त्याचं भिंग डोळ्याला लावून एकेक पुंगळी फिरवून बघितली, तर प्रत्येकीच्या अंगावर एक केसासारखा ओरखडा, बुडाच्या कडेपासून तोंडाकडे जाणारा. आणि तो सगळ्यांवर एकाच जागी, फायरिंग पिनच्या, म्हणजे बुडावर ठोका देणाऱ्या पिनच्या, खुणेच्या सरळ रेषेत. मित्र म्हणाला, "अरे, हा तर साच्याचाच दोष आहे." त्याचं बरोबर होतं. आधीच्या मालकाने घरी बसून रिकामं पिस्तूल हजारो वेळा चालवलं होतं. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेत, काही नसलं की पिन थेट चेंबरच्या तोंडावर आदळते. तिथला पोलादाचा काठ चेपून आत कणीसारखा उठला होता आणि फुगलेली पुंगळी त्याला घासत, अडत बाहेर येत होती. गनस्मिथने तो काठ दाबून परत जागेवर बसवला. घासून काढू नका म्हणून मुद्दाम सांगितलं होतं, कारण घासला की चेंबरचं तोंड मोठं होतं. त्यानंतर त्याच "खराब" गोळ्या मुकाट्याने चालल्या.

बऱ्याच टार्गेट पिस्तुलांना ड्राय फायरची, म्हणजे रिकामं पिस्तूल चालवून सराव करायची, वेगळी सोय असते. नसेल तर आत एक रिकामी पुंगळी ठेवून सराव करा, दर काही वेळा ती फिरवत जा.

आता गोळी. पॉइंट टू-टू लाँग रायफल ही रिमफायर. मोठ्या काडतुसाच्या (सेंटरफायरच्या) बुडाला मधोमध प्रायमरची, म्हणजे ठोक्याने पेटणारी, वेगळी टिकली असते, इथे ती नाही. पेटणारं मिश्रण बुडाच्या पोकळ कडेत गरागरा फिरवून पसरवतात. ते सगळीकडे सारखं गेलं नाही आणि पिन नेमकी मोकळ्या जागेवर पडली, तर नुसतं 'टिक'. शिवाय ४० ग्रेनची, म्हणजे साधारण २.६ ग्रॅमची शिशाची गोळी पुंगळीच्या तोंडाशी जेमतेम पकडलेली असते, वर मेणासारखं वंगण उघडंच. थोडक्यात, ही जातच जराशी हळवी. सेंटरफायरचा भरवसा हिच्याकडून मागू नका. पण वीसात एक ही मात्र अतीच झाली.

म्हणून आधी प्रत्येक बिघाडाची जात ओळखा. सगळ्यालाच "जॅम" म्हणून चालत नाही.

गोळी फुटली नाही, तर नळी टार्गेटकडेच ठेवून तीस सेकंद थांबा. क्वचित गोळी उशिरा फुटते, आणि त्या क्वचितच्या वेळी तुमचा हात तिथे नको. मग काढून बुड बघा. पिनची खूण खोल आणि स्वच्छ असेल तर गोळीचा दोष असण्याची शक्यता जास्त. खूण पुसट असेल तर स्प्रिंग थकलीय, नाहीतर पिनच्या वाटेत काजळी साचलीय. रेंज ऑफिसरने परवानगी दिली तर तीच गोळी अर्धी फिरवून पुन्हा लावून बघा. नव्या जागी ठोका बसून फुटली तर कडेतलं मिश्रण असमान होतं. न फिरवता, जुन्याच खुणेवर दुसऱ्या ठोक्याला फुटली, तर बहुधा पहिल्या वेळी गोळी चेंबरमध्ये पूर्ण बसलीच नव्हती. पहिल्या ठोक्याचं बळ तिला पुढे ढकलण्यात गेलं. यात गोळीचा दोष नाही, चेंबरमध्ये साचलेल्या मेणाचा आणि शिशाचा आहे. पितळी ब्रशने चेंबरचं तोंड साफ करा. नळी रोज घासायची गरज नसते, लोक उगाच नळी घासतात आणि चेंबर विसरतात.

आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर मात्र तिथेच थांबायचं. पुढची गोळी मारायची नाही. मॅगझीन काढा, पिस्तूल उघडा, नळीतून उजेड दिसतो का बघा. शिसं नळीत अडकलेलं असताना मागून दुसरी गेली तर नळी फुगते.

पुंगळी बाहेर पडता पडता बोल्टमध्ये चिमटली, तर एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळी ओढून काढणाऱ्या भागाच्या, नखाखालचा मळ टाचणीने काढून बघा. पुढची गोळी चेंबरच्या तोंडाशी नाक आपटून अडली, तर संशय मॅगझीनवर. मी माझ्या तिन्ही मॅगझीनवर बायकोच्या नेलपॉलिशने एक, दोन, तीन ठिपके दिलेत. चार दिवसांत कळलं की सगळा गोंधळ दोन ठिपकेवालीचा आहे. तिचे ओठ, म्हणजे गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, किंचित फाकले होते.

एवढं करूनही त्रास राहिला, तर मग गोळी बदला. आणि इथे माझ्या टेबलावरचं गणित कामाला येतं. तुमची पंचवीसला एक ही टक्केवारी म्हणजे ४. साठ गोळ्यांची मॅच एकही बिघाड न होता पार पडण्याची शक्यता जेमतेम ९ टक्के. समजा शंभरला एक एवढं सुधारलं. ऐकायला छान वाटतं ना? तरीही साठ गोळ्यांत निदान एक बिघाड येण्याची शक्यता ४५ टक्के. पाचशेला एक केलंत तर ती ११ टक्क्यांवर येते. मला विचाराल तर मॅचची गोळी पाचशेला एकपेक्षा वाईट नसावी.

म्हणून "मी एक पेटी मारली, मस्त चालली" या सल्ल्याला अर्थ नाही. पन्नासात शून्य बिघाड आले, तरी खरा दर ६ टक्क्यांपर्यंत असू शकतो. तीनशे सलग बिनबोभाट गेल्या, तर ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं की दर १ टक्क्याच्या आत आहे. वही करा. तारीख, लॉट नंबर (कारखान्यात एकदम बनलेल्या खेपेचा), किती मारल्या, कुठली मॅगझीन, काय बिघडलं. लॉट नंबर पेटीवर छापलेला असतो. त्याच कंपनीचा, त्याच नावाचा दुसरा लॉट वेगळा वागू शकतो, म्हणून चांगला लॉट सापडला की लायसन्सवर बसेल तेवढा एकदम घ्यायचा.

लोक ग्रुपच्या, म्हणजे गोळ्या टार्गेटवर किती जवळजवळ बसतात त्याच्या, मागे लागतात ते पिस्तुलात मला फारसं पटत नाही. २५ मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं, रॅपिडच्या टार्गेटवर तर १०० मिलिमीटरचं. स्टँडर्ड वेलॉसिटीची (बेताच्या वेगाची) कुठलीही बरी गोळी टेकूवरून मारली तर त्या ५० च्या आत आरामात बसते. उरलेलं जे बाहेर जातं ते तुमच्या-माझ्या मनगटाचं कर्तृत्व. रॅपिडमध्ये टार्गेट ३ सेकंद उघडतं, ७ सेकंद झाकतं, असे पाच शॉट. त्यात तिसरी गोळी 'टिक' करून बसली की नियमाप्रमाणे हात वर करता, सिरीज पुरी करायला मिळतेही, पण लय गेलेली असते. आणि नियमात बसेल असा बिघाड ठराविक वेळाच मान्य होतो. शेजारच्या कोल्हापूरच्या नेमबाज राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटरचं सुवर्ण घेतलं, तेव्हा ३४-३४ अशी बरोबरी होती आणि निकालाला दोन शूट-ऑफ लागले. तशा वेळी गोळीचा विचारच मनात यायला नको, एवढंच गोळीचं काम.

आता नावं. पहिली अट: स्टँडर्ड वेलॉसिटी. रायफलच्या नळीतून ही साधारण ३२५ मीटर प्रति सेकंदाने जाते, आवाजाच्या वेगाच्या खाली. पेटीवर 'हाय वेलॉसिटी' दिसलं की ठेवून द्या. ती ३७० च्या आसपास जाते, टार्गेट पिस्तुलाच्या स्प्रिंगा तिच्यासाठी नसतात, बोल्ट धाडकन मागे येतो आणि हातही जास्त उडतो. पोकळ नाकाचीही नको, साधी गोल नाकाची शिशाची घ्या. एसकेची स्टँडर्ड प्लस आणि पिस्टल मॅच, सीसीआयची स्टँडर्ड वेलॉसिटी, इलीची क्लब किंवा स्पोर्ट, आरडब्ल्यूएस आणि लापुआच्या पिस्तुलासाठी म्हणून काढलेल्या गोळ्या, यातलं जे नियमित मिळेल ते. लापुआ आणि एसकेच्या पॉइंट टू-टू गोळ्या जर्मनीत श्योनेबेकला एकाच कारखान्यात बनतात. इलीच्या टेनेक्ससारखी महागडी रायफल मॅचची गोळी पिस्तुलात घालायची हौस मीही केलीय. स्कोअर तोच आला, खिसा तेवढा हलका झाला. उलट तिच्या नाकाचा आकार आणि वंगण काही मॅगझीनना मानवत नाही.

आपल्याकडे निवड म्हणजे जे मिळतं त्यातून, हेही खरं. बाहेरची गोळी बहुतेकांना रायफल असोसिएशनच्या वाटेनेच येते, देशी ऑर्डनन्सची डीलरकडे मिळते आणि लायसन्सवर जेवढी मर्यादा तेवढीच. देशी गोळी सरावाला आणि बाहेरची मॅचला, असं अनेकजण करतात. तसं करायचं तर मॅचच्या आदल्या आठवड्यात मॅचचीच मारा. वंगण बदललं की नळीला रुळायला काही गोळ्या लागतात. मॅचला ६० आणि सायटर (मॅचआधी नेम जुळवायच्या गोळ्या) १०, म्हणजे दोन पेट्या लागतातच. दोन्ही एकाच लॉटच्या ठेवा. आणि लायसन्स वेगवेगळी असताना क्लबात एकमेकांना गोळ्या देऊ-घेऊ नका, कितीही घरोबा असला तरी.

मी एकदा त्याच सराफ मित्राच्या काट्यावर पन्नास गोळ्या तोलून, वजनाप्रमाणे चार डब्यांत लावल्या होत्या. दोन तास गेले, त्याचा चहा तीनदा झाला. ग्रुपमध्ये फरक काही सापडला नाही. बुडाची कड चेपलेली किंवा शिसं डुगडुगणारी गोळी बाजूला काढणं एवढी निवड पुरे.

ठेवायचं कसं, हे साताऱ्याच्या माणसाला सांगायलाच हवं, तुमच्याकडचा पाऊस ठाऊक आहे. रिमफायर गोळीच्या तोंडाला काही सेंटरफायर काडतुसांसारखं सील नसतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. पिस्तूल आणि कागद वर नेले, एक पेटी खालच्या कप्प्यात राहिली. पूर ओसरल्यावर मी ती उन्हात वाळवली आणि मोठ्या हौसेने रेंजवर नेली. पन्नासातल्या अकरांनी नुसतं 'टिक' केलं, दोन फुस्स झाल्या. दुसऱ्या फुस्सला रेंज ऑफिसरने माझ्याकडे असं बघितलं की उरलेल्या मुकाट्याने जमा केल्या. भिजलेली गोळी वाळते, तिची कड वाळत नाही. रबर झाकणाचा घट्ट डबा, आत सिलिका जेल, आणि डबा कुलूपबंद. गोळ्यांना तेलाचा हात लावू नका, तेल आत झिरपून मिश्रण मारतं. उन्हाळ्यात पुण्याला मॅचला जाताना गाडीच्या काचेखाली पेटी ठेवू नका. डिसेंबरच्या सकाळी मात्र वंगण कडक होतं, तेव्हा पेटी जर्किनच्या आतल्या खिशात ठेवायची.

आता तुम्ही एक करा. पुढच्या सरावाला न फुटलेल्या गोळ्या रेंजवर जमा करण्याआधी बुडाकडून जवळून फोटो काढा, आणि दहा-बारा रिकाम्या पुंगळ्या आडव्या ठेवून अंगावरच्या ओरखड्यांचाही. दोन्ही इथेच टाका. पिस्तुलाचं मॉडेलही लिहा, ते तुम्ही सांगितलेलं नाही.