पहिल्या बैठकीआधी बासरीची तयारी

कोल्हापूरच्या देवल क्लबसारख्या गाण्या-वाजवण्याच्या जागी नव्या वादकाला 20-25 मिनिटं मिळाली, तर एकच राग घे. 12-13 मिनिटं आलाप आणि विलंबित, म्हणजे संथ लय, उरलेल्या वेळात द्रुत, म्हणजे जलद लय. यमन किंवा भूप चालेल. मारवा इतक्यात नको.

स्वर चढतो, हा खरा त्रास. थंड बासरी तानपुऱ्याला जुळवलीस, की फुंकेच्या उबेनं ती थोड्याच वेळात वर सरकते. म्हणून आधी 10 मिनिटं पडद्यामागे वाजव आणि मगच तानपुरा व तबला लावून घे. तबलजीला पट्टी, म्हणजे तुझा सा कुठल्या सुरावर आहे ते, आदल्या दिवशीच सांग, म्हणजे तो योग्य तबला आणेल. पांढरी तीनची (पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुराची) लांब बासरी असेल, तर त्याच पट्टीची दुसरी जवळ ठेव. कोल्हापूरच्या पावसाळ्यातून कोरड्या थंडीत आल्यावर बांबूला चीर जाऊ शकते. चीर बारीक असली तरी खालचा पंचम, म्हणजे सगळी भोकं झाकून येणारा खालचा प, घोगरा होतो किंवा लागतच नाही. पण आधी उजव्या हाताची अनामिका तपास, बहुतेक वेळा भोक तिथंच उघडं राहतं. लांब बासरीवर बोटांची टोकं टेकवू नकोस, मधली पेरं सपाट ठेव.

माइक फुंकेच्या सरळ रेषेत आला की नुसता वारा ऐकू येतो. तो तोंडापासून वीतभर दूर, फुंकेच्या भोकाच्या आणि पहिल्या भोकाच्या मधोमध, जरा वरच्या बाजूला लावून घे. साउंडवाल्याला इको कमी करायला सांग, संकोचू नकोस; जास्त इकोत मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, पुसली जाते.