वॉरंटी 10 वर्षांची, तक्रारीची मुदत मात्र दोनच वर्षांची

ताई, तुमच्या न्हाणीघराचं पॅनेलच खराब होतं की बसवणाऱ्याने हयगय केली, हा वाद ग्राहक आयोगासमोर होईल तेव्हा होईल. तुमच्या लांबलचक पत्रात मला महत्त्वाची वाटली ती एकच ओळ: ‘9 जून 2024 ला त्यांना पहिला फोटो पाठवला.’ तुमची तक्रार दाखल होणार की दारातूनच परत येणार, हे या तारखेवर ठरेल.

इतर वाचकांसाठी हकिकत थोडक्यात. नाशिकच्या फ्लॅटमध्ये ऑक्टोबर 2023 मध्ये न्हाणीघराच्या जुन्या टाइल्स न काढता त्यांच्यावरच पीव्हीसी पॅनेल बसवले. माल आणि मजुरी मिळून 1,10,000 रुपये ठाण्याच्या विक्रेत्याने घेतले. पहिल्या पावसाळ्याच्या तोंडावर खालच्या कडेची पट्टी सुटली, शॉवरच्या नळाभोवतीचं सिलिकॉन तडकलं आणि पॅनेलमागे काळी बुरशी धरली. आता खालच्या घराच्या छताचे पोपडे पडताहेत आणि सोसायटीचं पत्र आलंय. विक्रेता दर वेळी ‘माणूस पाठवतो’ एवढंच म्हणतो. एप्रिल 2026 अखेर लिहिलेल्या पत्रात या ताई विचारतात, ‘कार्डावर 10 वर्षांची वॉरंटी आहे, मग आत्ताच घाई करायला हवी का?’

हो, करायला हवी. फर्निचर, पाण्याच्या टाक्या, सोलर हीटर, वस्तू कुठलीही असो, हाच गैरसमज मला पत्रापत्रात दिसतो. वॉरंटी म्हणजे इतकी वर्षं दोष निघाला तर आम्ही बघू, हे कंपनीचं वचन. ते वचन मोडल्यावर किती दिवसांत दाद मागायची, हे ठरवतो कायदा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी आयोगाला तो स्वतःहून तपासावा लागतो. जुन्या कायद्यातल्या अशाच कलमाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये हे स्पष्ट सांगितलं आहे.

तुमच्या बाबतीत कारण कधी घडलं? आपण म्हणू, दोष पॅनेलच्या मागे होता, तो 9 जून 2024 ला उघड झाला, म्हणून दोन वर्षं तिथून मोजा. समोरचा वकील म्हणेल, काम ऑक्टोबर 2023 ला संपलं, मुदत गेल्या ऑक्टोबरातच संपली. लपलेल्या दोषाच्या बाबतीत आपली बाजू मला जास्त सबळ वाटते, पण खात्री देणार नाही. म्हणून दोन गोष्टी करा. तक्रार मे महिन्यातच दाखल करा, जूनचा पहिला आठवडासुद्धा उजाडू देऊ नका. आणि तिच्यासोबत विलंब माफीचा अर्ज जोडा, म्हणजे आयोगाने मुदत ऑक्टोबर 2023 पासून धरली तरी हातात काही राहील. त्या अर्जात ‘ते येतो म्हणत होते’ एवढंच लिहून भागणार नाही. कोणत्या तारखेला काय आश्वासन मिळालं आणि तुम्ही त्यावर का थांबलात, हे क्रमाने लिहा.

आता थोडं कडक बोलतो. तुम्ही लिहिता, ‘आधी वकिलाची नोटीस पाठवू, उत्तराची वाट बघू.’ नोटीस पाठवल्याने मुदत वाढत नाही. तिला उत्तर आलं तरी वाढत नाही. मागची जवळजवळ दोन वर्षं तुम्ही फोनवर घालवलीत आणि 50,000 रुपये रोख देऊन साधी पावती घेतली नाहीत. लाखाच्या कामाला पक्कं बिल मागायला संकोच कसला? आता यूपीआयने दिलेले 60,000, लेटरहेडवरचं कोटेशन आणि मेसेज यांवरच भिस्त आहे. ते मेसेज आपोआप पुसले जाण्याची सेटिंग आजच बंद करा. फोन बदलू नका. मेसेजच्या छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा. त्याचे दोन भाग असतात आणि दुसऱ्यावर तज्ज्ञाची सही लागते, ती आयत्या वेळी मिळत नाही.

पॅनेल आत्ताच उखडू नका. गळतीही लांबवू नका, खालच्या घरात माणसं राहतात. आठवडाभर ते न्हाणीघर बंद ठेवा. विक्रेत्याला स्पीड पोस्टाने पाहणीचा दिवस आणि वेळ कळवा. तो आला नाही तरी त्या दिवशी सिव्हिल इंजिनिअर आणि सोसायटीच्या सेक्रेटरींसमोर पॅनेल काढा. चिकटवताना गोंद सलग लावला होता की नुसते ठिपके मारले होते, खालच्या पट्टीच्या आत सिलिकॉन भरलं होतं का, नळासाठी पाडलेलं भोक किती मोठं आहे, पाणी जुन्या टाइल्सच्या सांध्यांतून उतरतंय का, या प्रत्येकाचा फोटो घ्या. दोष मालात की कामात, हे तिथेच कळेल. पॅनेलचा एक तुकडा मागच्या गोंदासकट जपून ठेवा. मग खुशाल दुरुस्ती करा. इंजिनिअरच्या अहवालाला त्यांचं प्रतिज्ञापत्र जोडा. अहवालासाठी तक्रार मात्र अडवू नका, तो मागाहून देता येतो.

ठाण्याला खेटे घालायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 34 प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे नाशिकच्या जिल्हा आयोगात. माल-कामासाठी मोजलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. पॅनेलच्या कंपनीला पक्षकार करायचं का, हे वॉरंटी कार्डाची मागची बाजू वाचून ठरवावं लागेल. अशी कार्डं बहुधा मालाची हमी देतात, बसवण्याची नाही. विक्रेत्याने मजुरीही घेतली आहे, त्याला मात्र हात झटकता येणार नाहीत.

कायदा म्हणतो, तक्रार तीन महिन्यांत निकाली काढावी, माल तपासायचा असेल तर पाच महिन्यांत. प्रत्यक्षात वर्षं जातात आणि याचा मला मनापासून संताप येतो. विक्रेत्याला लेखी उत्तरासाठी 30 आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात. त्यापुढे एक दिवसही वाढवून देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये ठरवलंय. तेव्हा 46व्या दिवशी उत्तर आलं तर लगेच लेखी हरकत घ्या.

खालच्या शेजाऱ्यांचा खर्च सध्या तुम्हालाच उचलावा लागेल असं दिसतं. त्यांच्या छताच्या दुरुस्तीचं बिल त्यांच्या नावाने पक्कं घ्या, पैसे बँकेतून द्या आणि ती रक्कम विक्रेत्याविरुद्धच्या मागणीत धरा. बिल अजून झालं नसेल तर अंदाजपत्रक जोडा.