मसाई पठारावरचा हिरवा तुडतुडा भातावरचाच का?

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर गवतात जाळी फिरवली, हिरवे तुडतुडे (रस शोषणारे, उड्या मारणारे छोटे किडे) मिळाले, काहींच्या पंखांची टोकं काळी. हा भातावरचाच का, राहतो कुठल्या गवतावर आणि नमुना एखाद्या कार्यालयात नेऊन द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. तुमचा शेवटचा प्रश्न वाचून डोकं फिरलं, म्हणून हे लांबलचक उत्तर. माझा अख्खा एक हंगाम तिथंच गेला होता.

आधी सांगतो, मी कीटकशास्त्रज्ञ नाही. हौशी माणूस आहे, चूक असेल तर जाणकारांनी कान धरावा.

मागच्या पायाच्या नळीवर काट्यांच्या ओळी आहेत हे तुम्ही बघितलं असणारच, म्हणजे तुडतुडाच. नळीच्या टोकाला एकच मोठा हलता काटा दिसला तर तो तपकिरी तुडतुड्याच्या गोतावळ्यातला, ते कूळच वेगळं. उसावरच्या पाकोळीचं कूळही वेगळंच. आपल्याकडं उडी मारेल त्याला तुडतुडा म्हणतात, असो.

फोटोवरून मला हा नेफोटेटिक्स वाटतो, म्हणजे भात-गवतावरच्या हिरव्या तुडतुड्यांच्या घराण्यातला. काळ्या टोकांचे नर, टोकं फिकट तपकिरी त्या माद्या. आता डोकं वरून बघा. डोक्याच्या पुढच्या कडेला समांतर, डोळ्यापासून डोळ्यापर्यंत काळा पट्टा असेल आणि मानेमागच्या ढालीची पुढची कडही काळी असेल, तर नेफोटेटिक्स निग्रोपिक्टसकडं माझा कौल. पट्टा नसेल, डोकं साफ हिरवं आणि जरा टोकदार असेल तर व्हायरेसेन्स. भाताच्या टुंग्रो रोगाचा विषाणू पसरवण्यात सगळ्यात तरबेज तो हाच, आणि त्याचा जीव भातावर. निग्रोपिक्टस भातावर येतो, पण त्याची खरी ओढ गवताकडं, विशेषतः ओलीत वाढणाऱ्या लीर्सियासारख्या गवताकडं. पंखावरच्या काळ्या ठिपक्यावर विसंबू नका, तो लहान-मोठा होतो, कधी नसतोही. आणि नेटवर जपानचे फोटो बघून त्याच घराण्यातला सिंक्टिसेप्स ठरवू नका. पट्टा त्यालाही असतो, पण तो पूर्व आशियातला, आपल्या पठारावर त्याचं काम नाही.

आता कार्यालय. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. मी पठाराखालच्या भातातले आणि वरच्या गवतातले तुडतुडे वेगवेगळ्या नळ्यांत भरून, आत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी टाकून दिले होते. पेन्सिल अशासाठी की अल्कोहोलात शाई विरघळते. त्यांनी काय केलं? जागा वाचावी म्हणून दोन्ही नळ्या एकाच बाटलीत ओतल्या आणि चिठ्ठ्या कचऱ्यात. मी विचारायला गेलो तर टेबलावरचा माणूस म्हणतो, "अहो, दोन्ही हिरवंच की!" बरं, ते हिरवंही राहिलं नव्हतं. अल्कोहोलात हिरवा रंग पिवळा पडतो. कुठला खालचा, कुठला वरचा, ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. नमुने परत मागितले तर जमा झाला तो कार्यालयाचा. आणि गवत वाळून गेल्यावर एका ओळीचं पत्र आलं: हिरवे तुडतुडे, भातावरील कीड, शिफारशीत कीटकनाशकाची फवारणी करावी.

फवारणी कशावर? ज्यांच्या कुरणातनं मी नमुने घेतले होते त्यांनी ते पत्र वाचून पंप बाहेर काढला होता. मारवेल आणि पवन्या उभं होतं तिथं, म्हशींची वैरण! हातापाया पडून थांबवलं. जात न ओळखता दिलेला सल्ला असा थेट दुधात उतरतो. सगळी कार्यालयं अशीच असतात असं नाही, चांगली माणसंही भेटलीत. पण नमुन्याचा अर्धा भाग स्वतःकडं ठेवल्याशिवाय कुणालाही काही देऊ नका, आणि दिलंत तर पोचपावती घ्या.

जात पक्की करायची तर नरच लागतो. पोटाचं टोक कापून १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये मऊ करायचं, ग्लिसरीनमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली जननांगाचा आकार बघायचा. हे घरी करू नका, पोटॅश कातडी जाळतं. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात कुणी ओळखीचं असेल तर त्याला गाठा. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठात डॉ. विरक्तमठ यांनी भारतातल्या तुडतुड्यांवर आयुष्यभर काम केलं, त्यांच्या शोधनिबंधांतली चित्रं समोर ठेवली की बरंच उलगडतं.

आणि 'राहतो कुठं' याचं उत्तर जाळीतनं मिळत नाही, हे माझं ठाम मत. मोठा तुडतुडा उडतो. पायथ्याची भातं कापली की तो बांधावरच्या गवतात, पडीक रानात, वाऱ्यानं नेलं तर पठारावरही जातो. तो पाहुणा. दिव्याच्या सापळ्याचं तर नावच काढू नका, त्यात सगळ्या गावचे गोळा होतात. घर कुठलं हे पिल्लांवरून कळतं, त्यांना पंख नसतात. गवताचा एकेक ठोंब बुडाशी हळूच फाकवा. पान डोळ्यासमोर धरलं की पिल्लू तिरकं चालत पानाच्या मागं जातं, पान फिरवलं की पुन्हा पलीकडं. पानाला चिकटलेली पांढरी कात दिसली तर फारच उत्तम, म्हणजे ते तिथंच वाढलंय. पिल्लावरून जात सांगणं अवघड, म्हणून तो ठोंब मातीसकट कुंडीत लावा, वर मलमलीची पिशवी बांधा. साधारण दोन-तीन आठवड्यांत मोठे होतात, मग डोक्यावरचा पट्टा बघा. पठारावर मी असं करायचो तेव्हा कोरड्या कातळावरच्या कुसळी गवतात पिल्लं जवळपास नसायची, डबक्यांच्या काठच्या ओल्या गवतात मात्र हमखास. तुमच्याकडं वेगळं दिसलं तर जरूर लिहा.

त्याच जाळीत पांढरा, मोठा, डोक्यावर काळे ठिपके असलेला आला तर तो कोफाना, तुडतुडाच पण वेगळ्या घराण्यातला. हरळीतला मातकट, दोन डोळ्यांमध्ये काळी आडवी पट्टी असलेला बहुतेक एक्झिटियानस. यांची भानगड इथं नको.

दाजीपूर-राधानगरीकडं जाणार असाल तर अभयारण्यात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय जाळी काढू नका, किडा असला तरी. जिवंत असतानाच फोटो घ्या, थोडा वेळ फ्रीजमध्ये डबीत ठेवला की सुस्तावतो. पुढच्या वेळी डोकं वरून, चेहरा खालून आणि मागचा पाय असे तीन फोटो टाका, शिवाय ज्या गवतावर मिळाला त्याचा तुरा. तुरा नसला तर गवत ओळखणारा माणूस तुमच्याशी बोलणार नाही, आणि ती मंडळी आमच्यापेक्षा तिरसट असतात.