बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला राहते. गर्भपाताच्या गोळ्यांसाठी नवऱ्याची सही लागते का? कोल्हापूरला जावं लागेल का?

दोन्हीचं उत्तर एकच: ‘नाही’. 1971 चा गर्भपाताचा कायदा केंद्राचा आहे, कर्नाटक-महाराष्ट्र सीमेच्या अलीकडे-पलीकडे तोच. वय 18 पूर्ण असेल तर फक्त तुमची संमती पुरते. नवरा, सासू कुणाचीच सही नको. (तरी मागणारे भेटतातच. मागितली तर ‘कायद्यात कुठे लिहिलंय?’ असं विचाराच.) लग्न झालेलं नसलं तरी हाच हक्क आहे आणि नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. संमतीचा फॉर्म कन्नडमध्ये असला तर वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.

गोळ्या 9 आठवड्यांपर्यंत चालतात, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेऊ नका. गर्भ गर्भाशयात नसून गर्भनलिकेत असेल तर या गोळ्यांचा उपयोग होत नाही, आणि नळी फुटली तर जिवावर बेततं. आधी तपासणी त्यासाठीच. गोळ्या दोन प्रकारच्या: आधी मिफेप्रिस्टोन, मग एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल. पोटात कळा येणार, पाळीपेक्षा जास्त रक्त जाणार, हे अपेक्षितच. पण सलग दोन तास, तासाला दोन पॅड भिजत असतील, दुसऱ्या दिवशीही ताप असेल किंवा चक्कर येत असेल तर 108 ला फोन करा. मिसोप्रोस्टॉल घ्याल त्या दिवशी घरात एकट्या राहू नका. बहीण, मैत्रीण, कुणीतरी विश्वासाचं जवळ असू द्या. दोनेक आठवड्यांनी पुन्हा दाखवायला जायचंच, रक्त थांबलं म्हणून टाळू नका.

9 आठवडे उलटले असतील तरी वाट बंद नाही. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर गर्भपात करता येतो. बेळगावचं जिल्हा रुग्णालय त्यासाठी जवळचं.