महामारीत गावातली माणसं लस घ्यायला नेमकी कशामुळे तयार होतात?

तुम्ही विचारलंय की लस घ्यायला लोक माहितीमुळे तयार होतात, भीतीमुळे की सक्तीमुळे. मी चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. २०२१ मध्ये आम्हा शिक्षकांना कोविड लसीकरणाच्या ड्युट्या लागल्या होत्या. घरोघरी फिरून याद्या करायच्या आणि सत्राच्या दिवशी कोविन या सरकारी पोर्टलवर नोंदणी करायची. तेव्हा जे पाहिलं त्यावरून सांगतो: आपल्यासारख्याच माणसाने लस घेतल्यावर पुढच्या दोन दिवसांत त्याचं काय झालं, हे लोक बघतात आणि मग ठरवतात.

१६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं ते आरोग्य कर्मचाऱ्यांपासून. पुढे कोविड ड्युटीवरच्या आम्हालाही लस मिळाली. त्यानंतर गावात कुणी लस कशी काम करते असं विचारलं नाही. ओट्यावर बसलेल्या आबांपासून पाणी भरणाऱ्या बायांपर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच, "गुरुजी, तुम्हले ताप उना का?" मी सांगायचो, हो, रात्रभर ताप होता, दंड दुखला, गोळी घेतली, दुसऱ्या दिवशी उतरला. एवढ्या उत्तराने जे काम व्हायचं, ते भिंतीवरच्या पोस्टरने झालं नाही.

याची दुसरी बाजूही पाहिली. एका वस्तीवर कुणीतरी "काहीच होत नाही" असं सांगून लोकांना सत्राला आणलं. रात्री तिघा-चौघांना ताप भरला आणि सकाळपर्यंत सगळी गल्ली लसीच्या विरोधात गेली. आमच्या आशाताईंनी उलट केलं. लस टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचे, तेवढ्या वेळात त्या प्रत्येकाच्या हातात पॅरासिटामॉल देऊन सांगायच्या, "आज रात्री ताप येईल, घाबरू नका, मी सकाळी येते." आणि खरोखर यायच्या. ताप आला की त्यांचं बोलणं खरं ठरायचं. लस घेतलेला दोन वर्षांत मरतो, मूल होत नाही, असे मेसेज मोबाईलवर फिरत होते. पण मेसेज पाठवणारा सकाळी दारात येत नव्हता.

भीतीने लोक येतात, यात शंका नाही. एप्रिल २०२१ मध्ये दवाखान्यात खाट मिळेना, ऑक्सिजनसाठी फोनाफोनी चालायची, ओळखीच्या घरांतून माणसं गेली. तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रापुढे पहाटेपासून रांग असायची आणि नेमकी तेव्हाच लस यायची नाही. १ मे पासून १८ वर्षांवरच्यांना ऑनलाइन नोंदणी करून लस मिळू लागली, तर शहरातली मुलं आमच्या केंद्राचा स्लॉट घेऊन गाडीने यायची. गावातले चिडले, आणि ते रास्त होतं. पण त्याच चिडीतून काहींच्या मनात आलं, हे एवढ्या लांबून येताहेत तर आपण का मागे राहायचं? पुढे पाऊस पडला, कपाशीची लागवड सुरू झाली, मरणाच्या बातम्या कमी झाल्या आणि भीती ओसरली. लस मुबलक आली तेव्हा रांग नव्हती. भीतीच्या भरवशावर मोहीम आखू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सोयीचा मुद्दा लोक हलका समजतात, पण मला तो सगळ्यात मोठा वाटतो. आमच्याकडे यायची त्या कोविशील्ड लसीच्या एका कुपीत दहा डोस असायचे आणि कुपी उघडली की चार तासांत संपवावी लागायची. त्यामुळे दहा माणसं जमेपर्यंत नर्सबाई थांबायच्या. शेतातून एकटा आलेला माणूस तासभर बसायचा, "उद्या येतो" म्हणायचा आणि परत यायचा नाही. आकड्यांत असा माणूस नकार देणारा म्हणून गेला असेल, पण तो नकार नव्हता. मजुरी बुडते, वर ताप आला तर आणखी एक-दोन खाडे, हा हिशोब त्याच्या डोक्यात होता. मग आम्ही सत्र संध्याकाळी ठेवायला लागलो, मजूर परतायच्या वेळी, आणि पाड्याच्या कारभाऱ्याला सांगितलं की दहाजण सोबत घेऊनच या. सोबत आलं की धीरही येतो. कारभाऱ्याने आधी स्वतःच्या नव्यानेच लग्न झालेल्या मुलाला पुढे केलं, तेव्हा मूल न होण्याची अफवा त्या पाड्यावर तरी थांबली.

सर्टिफिकेटमुळेही बरेच आले. आमच्याकडची घरटी एक-दोन माणसं सुरतेला कामाला. कामावर सर्टिफिकेट मागतात म्हटल्यावर तरुण मुलं स्वतःहून यायची. त्यात मला काही गैर वाटत नाही. पण रेशन बंद करू, दाखला देणार नाही, असा धाक घालणं मला पटलं नाही. धाकाने आलेली बाई एक डोस घेते आणि पुढच्या वेळी यादी घेऊन येणारा दिसला की दार लावते. मग लहान लेकरांच्या नेहमीच्या लसींनाही अडचण होते, आणि त्या लसींवरचा विश्वास आमच्या भागात पल्स पोलिओच्या काळापासून वर्षानुवर्षं खपून मिळवलेला आहे.

तुम्ही या विषयावर अभ्यास करणार असाल तर पहिल्या डोसपेक्षा दुसऱ्याकडे बघा. कोविशील्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचं अंतर झालं होतं. कोविनवर एका मोबाईल नंबरवर तेव्हा चारजणांची नोंदणी व्हायची. पाड्यावर फोन मोजकेच, म्हणून अनेकांची नोंदणी आमच्या किंवा आशाताईंच्या नंबरवर झाली. दुसऱ्या डोसची आठवण करून देणारा मेसेज आला की तो आमच्या फोनवर, आणि ज्याच्यासाठी आला तो दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत. नोव्हेंबरमध्ये घरोघरी जाऊन लस देण्याची 'हर घर दस्तक' मोहीम निघाली तेव्हा यादीतल्या कित्येक घरांना कुलूप होतं. ही माणसं विरोधात नव्हती, पहिला डोस त्यांनी आनंदाने घेतला होता. शेवटी आम्ही मुकादमांचे नंबर मिळवले, तिकडे जवळच्या सरकारी दवाखान्यातही दुसरा डोस मिळतो हे त्यांना समजावलं आणि ज्याचा-त्याचा नोंदणी क्रमांक फोनवर वाचून दाखवला. काहींनी तिथे घेतला, बाकीच्यांना फडावरून परत आल्यावर दिला.