कडक कुणाला?

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बातमीतल्या ‘स्ट्रिंजंट कंडिशन्स’चं तू ‘कडक अटी’ केलंस, ते बरोबरच. पण इंग्रजी अर्जात ‘आमचे सर फार स्ट्रिंजंट होते’ असं लिहिलंस तेव्हा डेस्कवर सगळे हसले. आता विचारतेस, दोन्हीकडे कडकच ना?

अगं, कडक आपला शब्द. चहा कडक, ऊन कडक, इस्त्री कडक, उपास कडक, मास्तरही कडक. इंग्रजीला हे चालत नाही. म्हणून आधी बघ, शब्द कुणाला लागतोय. सर ‘स्ट्रिक्ट’. ‘स्ट्रिंजंट’ म्हणायचं ते अटींना, कायद्यांना, चाचण्यांना. माणसाला सहसा नाही. 1 जून ते 31 जुलै आपल्याकडे ट्रॉलर धक्क्याला बांधलेले असतात. एकालाही सूट दिली नाही, तर मासेमारीबंदीची अंमलबजावणी स्ट्रिक्ट. परवान्याच्या अटीच इतक्या घट्ट की पुरी करताना घाम फुटावा, तर त्या अटी स्ट्रिंजंट. आणि ‘स्ट्रिक्ट व्हेजिटेरियन’ला कडक शाकाहारी लिहू नकोस; तो पक्का शाकाहारी. ‘रिगरस इम्प्रिझनमेंट’ तर सक्तमजुरी, त्यात कडक कुठेच नाही. पुन्हा सांगतो, कुणाला लागतोय ते बघ.

स्ट्रिक्ट आणि स्ट्रिंजंट दोन्ही लॅटिन ‘स्ट्रिंगेरे’तून आले. अर्थ, आवळणं. त्याच घरातला ‘ॲस्ट्रिंजंट’, म्हणजे तुरट. एप्रिलात काजूचा बोंडू चावलास की जीभ कशी आवळून येते? त्यातलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं म्हणून. तो तुरटपणा आठव, स्ट्रिंजंट कळेल. व्याख्या पाठ करून काही होत नाही.

मी तुझ्या वयाचा असताना पणजीत एका वर्तमानपत्रात होतो. एका पोराला स्ट्रिंजंट अटींवर जामीन मिळाला होता. मी मथळा दिला, ‘न्यायालय कठोर’. अटींचा शब्द न्यायाधीशांना लावला. दुसऱ्या दिवशी त्याची आई कचेरीत आली. मथळ्याखालचं तिनं वाचलंच नव्हतं. पोरगा सुटत नाही असं समजून रात्रभर जागी होती. जामीन झालाय हे मी तिला सांगितलं. चूक माझी होती, हे सांगितलं नाही. ते अजून सलतं.

तेव्हापासून नाम बघितल्याशिवाय मी विशेषण लिहिलं नाही. लोक मला संथ म्हणाले, माझ्यामागून आलेले पुढे गेले. वाचक समजून घेतात, असं मला वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. नाही घेत. ती बाई वाचकच होती ना? संथ राहण्यात माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही, आणि तुलाही कुणी घाई केली तर ऐकू नकोस.

गेल्या आठवड्यातल्या तुझ्या बातम्या काढ. त्यातला प्रत्येक ‘कडक’ अधोरेखित कर आणि तो कुणाला लागलाय ते खाली लिहून मला पाठव. सोमवारपर्यंत.

तुझा,
काका