प्रार्थना कोरडी वाटते म्हणतोस?

प्रार्थनेत काहीच जाणवत नाही, म्हणजे आपला विश्वास कमी, असं तू धरून चाललायस. थांब जरा. देवाची तहान कोरड्या दिवसांतच कळते. बायबलमधलं 42वं स्तोत्र उघड. पाण्यासाठी लुलपणारी हरिणी तिथेच आहे आणि "तुझा देव कुठे आहे?" म्हणून टोचणारे लोकही तिथेच. जीव खिन्न का झाला, हा प्रश्न 42 आणि 43 मिळून तीनदा येतो. म्हणजे एकदा विचारून स्तोत्रकर्त्याचंही भागलं नाही!

सध्या एवढंच कर:

- रोज 10 मिनिटं, ठरलेल्या वेळी. सकाळच्या चहाआधी जमलं तर उत्तम.
- आठवडाभर एकच स्तोत्र, मोठ्याने. आधी 42, मग 63.
- शेवटी दोन मिनिटं गप्प बस. मन भटकणारच, त्याला परत आणून बसव. रागावू नकोस.

सुरुवातीच्या चुका मीही केल्यात. उपवासकाळाच्या (ईस्टरआधीच्या दिवसांच्या) पहिल्याच आठवड्यात रात्र-रात्र प्रार्थना धरली. तिसऱ्या आठवड्यात बायबलला हात लागेना. रविवारी गाताना डोळे भरून आले की देव जवळ, नाही आले की लांब, हे मोजमापही सोड. आणि देवापुढे उगाच शहाण्यासारखं बोलू नकोस. 88वं स्तोत्र अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रात आहे.

गाण्याची आवड असेल तर मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं गुणगुणत जा, मराठी जिभेला ती सहज बसतात.

मौन, लांब उपवास वगैरे नंतर. महिनाभर हे कर, मग बोलू.